रिमोट लागलाय, पण गेमला कळत नाही

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत ताईच्या माळ्यावरून माझा जुना पीएस-२, म्हणजे सोनीचा प्लेस्टेशन-२ हा टीव्हीला जोडून गेम खेळायचा कन्सोल, खाली आला. वर्तमानपत्रात गुंडाळलेला, सोबत दोन मेमरी कार्डं आणि दोन वायरवाले रिमोट. त्यातल्या एकाची वायर उंदराने कुरतडलेली. (कंट्रोलर, गेमपॅड वगैरे शब्द दुकानदारांचे. आमच्या घरी तो कायम रिमोटच होता, म्हणून इथेही तेच म्हणतो.) भाच्याकडे पीएस-४चा वायरलेस रिमोट होता, म्हणून मी एक ब्लूटूथ ॲडॉप्टर मागवला. आगपेटीएवढी डबी, तिच्या एका टोकाला पीएस-२च्या पोर्टात बसणारी पिन.

ॲडॉप्टर खोचला, टीव्ही लावला, भाच्याने रिमोटवरचं मधलं बटण दाबलं. पीएस-२ ढिम्म. आतल्या खोलीतून मात्र 'बीप' असा आवाज आला. पुन्हा दाबलं, तरी इकडे काही नाही. भाचा आत जाऊन आला आणि म्हणाला, "मामा, माझा पीएस-४ आपोआप चालू झालाय!" भुताटकी वगैरे काही नव्हती. रिमोट आपल्या नेहमीच्या घरी हाक मारत होता, आणि ते घर त्याला ओ देत होतं. हॉलमधल्या ॲडॉप्टरशी त्याची अजून ओळखच झाली नव्हती.

जुन्या कन्सोलवर वायरलेस रिमोट चालत नाही अशी तक्रार घेऊन मित्रमंडळी येतात, तेव्हा निम्म्या वेळा प्रकरण इतपतच असतं. उरलेल्या निम्म्या वेळा ते गमतीदार असतं. आणि ते समजायचं तर ही डबी नेमकं करते काय, हे आधी बघावं लागतं.

डबीत बसलेला दुभाष्या

लोकांना वाटतं ॲडॉप्टर म्हणजे न दिसणारी वायर. तसं नाही. तो दुभाष्या आहे, आणि थोडा सोंगाड्याही. एका बाजूला तो आजच्या रिमोटशी ब्लूटूथमध्ये बोलतो. दुसऱ्या बाजूला कन्सोलसमोर आपण स्वतःच वायरवाला जुना रिमोट असल्याचं नाटक करतो. पीएस-२ आला २००० साली. त्याच्या रिमोटच्या पोर्टाला वायरलेस म्हणजे काय याचा गंधही नाही. त्याच्या दृष्टीने पोर्टात नेहमीचा रिमोट लागलाय, बस्स.

हे संभाषण जवळून ऐकण्यासारखं असतं. सगळ्यात सोपी भाषा निन्टेन्डोच्या १९८३च्या फॅमिकॉमची. आपल्याकडे नव्वदीत घरोघरी जो 'टीव्ही गेम' होता, पिवळ्या कॅसेटवाला, मारिओ आणि कॉन्ट्रावाला, तो बहुतेक करून याच फॅमिकॉमची नक्कल. तिथे कन्सोल एका तारेवर 'आता सांग' असा इशारा देतो. रिमोट त्या क्षणी आठ बटणांची स्थिती टिपून घेतो आणि दुसऱ्या तारेच्या ठेक्यावर एकेक करून सांगतो: ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. क्रम ठरलेला. हजेरी घेतात तसं. रिमोटमध्ये यासाठी एकच साधी चिप असते, आणि तिला विचार करता येत नाही. त्याची गरजही नाही.

पीएस-२ची भाषा याहून वरची. त्याच्या पोर्टात नऊ पिना. एकीवर कन्सोल विचारतो, एकीवर रिमोट उत्तर देतो, एक ठेका धरते, एक 'तुझ्याशीच बोलतोय' म्हणून खूण करते, एकीवर रिमोट 'ऐकलं' म्हणून पोच देतो. एक पीन जमिनीची (ग्राउंड), एक रिमोटच्या विजेची, साडेतीन व्होल्टच्या आसपास. एक वेगळी, साधारण साडेसात व्होल्टची, ती फक्त रिमोट थरथरवणाऱ्या मोटरींसाठी. राहिलेली एक रिकामीच.

यातली मजेची गोष्ट म्हणजे ओळख. कन्सोलने विचारलं की रिमोट सगळ्यात आधी आपला प्रकार सांगतो. साधा, फक्त बटणांचा रिमोट '४१' म्हणतो. दोन काड्यांचा (अंगठ्याने हव्या त्या बाजूला झुकवायच्या दांड्या) ॲनालॉग रिमोट '७३' म्हणतो. बटण किती जोरात दाबलंय हेही कळवणारा पीएस-२चा रिमोट '७९' म्हणतो. त्यातला दुसरा आकडा म्हणजे पुढे किती माहिती येणार त्याचं माप: १ असेल तर दोन बाइट, ३ असेल तर सहा, ९ असेल तर अठरा. मग तेवढी माहिती येते आणि गप्पा संपतात. भारतातला पाल पद्धतीचा (पाल ही इथल्या टीव्हीच्या चित्राची पद्धत) कन्सोल ही विचारपूस साधारणपणे सेकंदाला ५० वेळा करतो, अमेरिकी किंवा जपानी असेल तर ६० वेळा.

आता ॲडॉप्टरचं काम बघा. रिमोटकडून ब्लूटूथवर येणारी माहिती तो आपल्या सोयीने घेतो आणि तयार ठेवतो. कन्सोलने विचारलं की त्या क्षणी, त्याच ठेक्यावर, योग्य सोंग घेऊन उत्तर देतो. उशीर झाला तर कन्सोल समजतो की पोर्टात कोणीच नाही.

म्हणजे बिघाड शोधायच्या जागा दोन. रिमोट आणि दुभाष्या यांच्यामधली हवा, किंवा दुभाष्या आणि कन्सोल यांच्यामधली पिन. कुठे अडलंय हे ठरवल्याशिवाय बटणं दाबत बसणं म्हणजे अंधारात सुई शोधणं.

आधी वायरवाला लावा

मी सगळ्यात पहिल्यांदा ॲडॉप्टर काढून बाजूला ठेवतो आणि त्याच पोर्टात वायरवाला रिमोट लावतो. लोकांना याचा कंटाळा येतो. पण वीस वर्षं माळ्यावर पडलेल्या यंत्राच्या पोर्टावर आपण विश्वास का ठेवायचा? आपल्याकडच्या पावसाळ्याने पिनांवर काळपट थर चढतो, कोकणातल्या घरात तर हमखास. तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचा. ही बाटली पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला कुठल्याही पार्टवाल्याकडे मिळते. कन्सोल बंद, वायर भिंतीतून काढलेली, कापसाचा बोळा ओला पण निथळलेला. वाळू द्यायचं आणि मग लावायचं.

वायरवालाही चालला नाही तर ॲडॉप्टर निर्दोष. मग दुसरा पोर्ट बघा. काही जुन्या कन्सोलमध्ये पोर्टाकडे जाणाऱ्या विजेच्या वाटेवर एक बारीकसा फ्यूज असतो. निन्टेन्डोच्या गेमक्यूबमध्ये तो उडाला की एकही रिमोट लागत नाही. कन्सोल बाकी ठणठणीत, स्क्रीनवर चित्र येतंय, आणि आपण मात्र नव्या ॲडॉप्टरला शिव्या घालतोय. फ्यूज बदलणं हे सोल्डरिंग येणाऱ्याचं काम. तो का उडाला याचाही शोध घ्यावा लागतो, त्यामुळे तिथे घरगुती प्रयोग नकोत.

वायरवाला चालला, तर ॲडॉप्टर परत लावा, पण गेमची डिस्क घालू नका. डिस्क नसताना पीएस-२ आपला निळसर मेन्यू दाखवतो, ब्राउझर आणि सिस्टम कॉन्फिगरेशन असे दोन पर्याय. तिथे बाणांची बटणं दाबून वर-खाली करून बघा. मेन्यू चालला म्हणजे हवा ठीक, पिन ठीक, वीज ठीक. मग अडचण गेम आणि ॲडॉप्टरच्या सोंगात आहे. मेन्यूच चालत नसेल तर रिमोटच्या दिव्याकडे बघा. दिवा लुकलुकत राहून विझतो म्हणजे जोडीच जमलेली नाही. दिवा स्थिर आहे, तरी मेन्यू हलत नाही, तर जोडी जमली आहे, पण ती नक्की कोणाशी?

जोडी कोणाशी?

इथे आमच्या भाच्याचं प्रकरण येतं. पीएस-४चा रिमोट एकाच यजमानाचा, म्हणजे ज्याच्याशी जोडी जमली त्या यंत्राचा, पत्ता लक्षात ठेवतो. मधलं बटण नुसतं दाबलं की तो त्याच पत्त्यावर जातो. नव्याशी ओळख करून द्यायची तर आधी जुन्या घराचं बटण बंद, तेही नुसतं स्टँडबायवर नाही, पूर्ण. मग शेअर बटण आणि मधलं बटण एकत्र दाबून धरायचं, वरची पट्टी पांढरी होऊन दोन-दोनदा भराभर लुकलुकायला लागेपर्यंत. नुसतं मंद लुकलुकणं म्हणजे तो अजून जुन्यालाच शोधतोय. हा फरक डोळ्यांत भरत नाही आणि लोक तिथेच अर्धा तास घालवतात.

पीएस-५च्या रिमोटला तेच, फक्त शेअरच्या जागी क्रिएट बटण. निन्टेन्डो स्विचच्या प्रो रिमोटला वरच्या कडेला एक छोटं गोल बटण असतं, एक्सबॉक्सच्या रिमोटलाही चार्जिंगच्या भोकाशेजारी तसंच एक. निन्टेन्डोच्या वी (Wii) या कन्सोलच्या रिमोटचं लाल बटण सेलच्या झाकणाखाली लपलेलं असतं. आणि हो, ॲडॉप्टरलाही बहुधा स्वतःचं एक बटण असतं. दोघांनीही एकाच वेळी ओळखीला तयार असावं लागतं. एकानेच हात पुढे करून भागत नाही. खूपच अडलं तर पीएस-४ आणि पीएस-५च्या रिमोटच्या पाठीवर एक टाचणीचं भोक असतं, त्यात काही सेकंद टाचणी दाबून धरली की रिमोट सगळं विसरतो.

रिमोटला परत त्याच्या पीएस-४कडे पाठवायचं असेल तर केबलने एकदा जोडून मधलं बटण दाबायचं. भाच्याला हे आधी सांगायला मी विसरलो आणि दुसऱ्या दिवशी ताईचा फोन आला.

एक्सबॉक्सवाल्यांचा घोळ वेगळा. २०१३ साली आलेल्या एक्सबॉक्स वनच्या सुरुवातीच्या रिमोटांत ब्लूटूथ नव्हतंच. ते मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या पद्धतीने बोलतात. २०१६मध्ये एक्सबॉक्स वन एससोबत जो रिमोट आला त्यात ब्लूटूथ आलं. दुकानात उभ्या उभ्या ओळखायची खूण अशी: मधल्या चकाकत्या बटणाभोवतीचं प्लास्टिक वरच्या खांद्याच्या बटणांच्या तुकड्याचाच भाग असेल तर ब्लूटूथ नाही. ते पुढच्या तोंडवळ्याशी एकसंध असेल तर आहे. २००५च्या एक्सबॉक्स ३६०चा वायरलेस रिमोटही ब्लूटूथचा नाही. वारंवारता तीच, २.४ गिगाहर्ट्झ, पण भाषा निराळी. एकाच चौकात उभे राहून दोघे वेगवेगळ्या भाषेत ओरडले म्हणून त्यांचं संभाषण होत नाही. साध्या ब्लूटूथ ॲडॉप्टरला तो दिसणार नाही म्हणजे नाही.

'काल चालत होता, आज चालत नाही' ही तक्रारही एक्सबॉक्सच्या रिमोटाबाबत ऐकू येते, आणि तिला कारण आहे. ब्लूटूथच्याही दोन तऱ्हा आहेत. एक जुनी, 'क्लासिक' म्हणतात ती, आणि एक कमी वीज खाणारी, 'लो एनर्जी'. २०२१मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वनच्या ब्लूटूथ रिमोटांना नवं फर्मवेअर (यंत्राच्या आतला प्रोग्राम) दिलं आणि ते लो एनर्जीकडे वळले. ज्या ॲडॉप्टरला फक्त क्लासिक कळतं त्याच्यासमोर हा रिमोट एका रात्रीत मुका झाला. उपाय म्हणजे ॲडॉप्टरचं फर्मवेअर नवं करणं. तो जर इतका जुना असेल की नवं फर्मवेअरच निघत नाही, तर दुसरा रिमोट शोधा.

पीएस-३चा रिमोट आणखी वेगळा हट्टी. त्याला दोन बटणं दाबून ओळख करून घेता येत नाही. यजमानाचा पत्ता त्याला यूएसबी केबलवरूनच द्यावा लागतो. म्हणून ॲडॉप्टरला यूएसबीचं तोंड असेल तर त्यात केबलने एकदा जोडायचा, नसेल तर कॉम्प्युटरवरून पत्ता लिहायचा.

आणि आता कटू सत्य. रस्त्यावर किंवा ऑनलाइन सातआठशेला मिळणारा 'पीएस-४चा रिमोट' बहुधा नक्कल असतो. तो खऱ्या पीएस-४वर छान चालतो, कारण तेवढ्यासाठीच तो बनवलेला असतो. ॲडॉप्टर मात्र रिमोटला काही आडवेतिडवे प्रश्न विचारतो आणि नकलेकडे त्यांची उत्तरं पाठ नसतात. मग ओळख होते आणि दोन सेकंदांत तुटते, किंवा काड्या एका बाजूला ओढल्यासारख्या वागतात. यात ॲडॉप्टर बदलून पैसे घालवू नका. आधी कोणाचा तरी अस्सल रिमोट तासाभरासाठी मागून आणा.

सोंग चुकलं की

मेन्यू चालतो, गेम मात्र 'रिमोट लावा' म्हणतो. पीएस-२मध्ये जुन्या, म्हणजे पहिल्या प्लेस्टेशनच्या डिस्का घातल्यावर हे होतं. पहिला प्लेस्टेशन १९९४चा, आणि दोन काड्या आणि थरथर असलेला ड्युअलशॉक रिमोट १९९७च्या शेवटी आला. त्याआधी लिहिलेल्या गेमना फक्त '४१' माहीत. आपला ॲडॉप्टर ऐटीत '७३' सांगतो आणि गेम म्हणतो, कोण तुम्ही? खऱ्या ड्युअलशॉकवर यासाठी ॲनालॉग नावाचं बटण आणि लाल दिवा होता, ते दाबलं की रिमोट साधा व्हायचा. पीएस-४च्या रिमोटवर ते बटण नाही. म्हणून ॲडॉप्टर करणाऱ्यांनी त्याला कुठल्यातरी दुसऱ्या बटणावर किंवा दोन बटणांच्या जोडीवर बसवलेलं असतं. सोबतच्या चिठोऱ्यावर ते लिहिलेलं असतं, आणि ते चिठोरं आपण खोक्यासकट फेकलेलं असतं.

उलटंही घडतं. पीएस-२च्या रिमोटवरची बटणं दाब ओळखायची. गाड्यांच्या शर्यतीत एक्स बटण हलकं दाबलं तर गाडी हळू, जोरात दाबलं तर सुसाट. पीएस-४च्या रिमोटच्या एक्सला फक्त दाबलं किंवा नाही दाबलं एवढंच कळतं. ॲडॉप्टर मग दरवेळी 'पूर्ण जोरात' असंच सांगतो. काही गेममध्ये बटण हळूच सोडलं तर बंदूक खाली येते, झटक्यात सोडलं तर गोळी सुटते. तिथे गोळी सुटतच राहते. याला बिघाड म्हणता येत नाही. रिमोटला जी गोष्ट जाणवतच नाही ती दुभाष्याने कुठून सांगायची?

निन्टेन्डो ६४ घेतलात (१९९६) तर दोन वेगळ्या खोड्या. त्याच्या काडीचा आकडा कागदावर १२७ पर्यंत जाऊ शकतो, पण खरी काडी टोकाला नेली तरी ८०-८५च्या आसपासच थांबते. गेम लिहिणाऱ्यांनी तोच पल्ला धरला. नव्या रिमोटच्या काडीचा पूर्ण पल्ला ॲडॉप्टरने तसाच पुढे ढकलला तर पात्र जराशा धक्क्याने धावत सुटतं. चांगल्या ॲडॉप्टरमध्ये हा पल्ला आक्रसायची सोय असते, ती शोधा. दुसरी खोडी जास्त जिव्हारी लागणारी. त्या कन्सोलचं मेमरी कार्ड रिमोटच्या पोटात बसायचं. रिमोटच नसेल तर कार्ड कुठे लावणार? ज्या गेम कॅसेटमध्येच प्रगती साठवतात त्यांना फरक पडत नाही. ज्या कार्डावर अवलंबून आहेत त्यांच्यात तासभर खेळून काहीच साठत नाही. काही ॲडॉप्टर कार्डाचंही सोंग घेतात. 'ब्लूरेट्रो' हे मुक्त स्रोताचं फर्मवेअर ते करतं. सेगाच्या ड्रीमकास्टचीही तीच गत, तिथेही कार्ड रिमोटात. पीएस-२ या बाबतीत शहाणा: कार्डाचं तोंड कन्सोलवरच, रिमोटच्या पोर्टाच्या बरोबर वर.

सेगाच्या मेगा ड्राइव्हवर सहा बटणांच्या रिमोटने काही जुने गेम बावचळतात. खऱ्या रिमोटवर त्यासाठी मोड बटण दाबून धरून कन्सोल चालू करायचा, की तो तीन बटणांचा व्हायचा. ॲडॉप्टरमध्येही असं काही असेल तर तेच करा.

एक इशारा आपल्या 'टीव्ही गेम'वाल्यांना. त्यातल्या बऱ्याच यंत्रांना नऊ पिनांचं तोंड असतं, दिसायला थेट सेगाचं. आतली जोडणी मात्र वेगळी. सेगाचा ॲडॉप्टर त्यात मापात बसतो, चालत नाही, आणि चुकीच्या पिनेवर वीज गेली तर एखादा कायमचाही जातो. मापात बसलं म्हणजे जुळलं असं नाही. नाहीतर पायात बसणारा कुठलाही जोडा आपलाच झाला असता.

वीज, आणि ती एक फसवी केबल

जुन्या रिमोटची भूक नगण्य होती. चिपला नखभर वीज पुरायची. ॲडॉप्टरमध्ये मात्र ब्लूटूथचा रेडिओ असतो आणि तो संदेश सोडताना क्षणभर बरीच वीज ओढतो. अशा डब्यांमध्ये लोकप्रिय असलेल्या ईएसपी३२ या चिपसाठी तिच्या कंपनीचीच शिफारस आहे की पुरवठा ५०० मिलिॲम्पिअरची तयारी ठेवणारा असावा. कन्सोलच्या पोर्टावर एवढा भार टाकायचा विचार तेव्हा कोणी केला नव्हता. कन्सोल चांगल्या तब्येतीत असेल तर भागतं. वयोमानाने पुरवठा ढिला झाला असेल तर लक्षणं अशी: खेळताना मध्येच जोडी तुटते, पुन्हा जुळते, आणि ॲडॉप्टरचा दिवा नव्याने चालू झाल्यासारखा चमकतो. हवेत अडथळा असेल तर जोडी तुटते, पण ॲडॉप्टर स्वतः पुन्हा सुरू होत नाही. हा फरक पाहून ठेवा.

उपाय: ॲडॉप्टरला यूएसबीचं तोंड असेल आणि माहितीपत्रकात परवानगी असेल तर त्याला वेगळी वीज द्या. पीएस-२च्या पुढच्या बाजूलाच दोन यूएसबी तोंडं आहेत, तीही कामी येतात. लावा-काढायचं ते कन्सोल बंद करूनच. स्वतः चिप आणून घरी जोडणाऱ्यांसाठी एवढंच: ईएसपी३२ची चिप ३.३ व्होल्टची, जुन्या निन्टेन्डोचे इशारे ५ व्होल्टचे. मध्ये व्होल्टेज उतरवणारा भाग नसेल तर चिप आज चालेल आणि एक दिवस गपकन जाईल.

फर्मवेअर नवं करायचं म्हणून ॲडॉप्टर कॉम्प्युटरला लावला, दिवा लागला, पण कॉम्प्युटरला काही दिसतच नाही. इथे माझी एक संध्याकाळ गेली. ड्रायव्हर बदलले, दुसरा लॅपटॉप आणला. केबल चार्जिंगपुरती निघाली. पंख्यासोबत, ट्रिमरसोबत मिळणाऱ्या बऱ्याच केबलींत विजेच्या दोनच तारा असतात, माहिती नेणाऱ्या नसतातच. तेव्हापासून माझ्या ड्रॉवरमध्ये एका केबलला लाल चिकटपट्टी आहे, आणि ती कोणी फोन चार्ज करायला नेली की घरात वाद होतो.

हवेतली गर्दी

ब्लूटूथ, घरचा वायफाय, मायक्रोवेव्ह ओव्हन, सगळे २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास. ब्लूटूथ मुळात चपळ आहे. क्लासिक तऱ्हेत ७९ पट्ट्यांवर सेकंदाला १६०० उड्या मारतं आणि गजबजलेल्या पट्ट्या टाळतं. त्यामुळे नुसता राउटर शेजारी आहे म्हणून सहसा काही बिघडत नाही. बिघडतं ते ॲडॉप्टरची जागा वाईट असते म्हणून. जुना कन्सोल आपण टीव्हीच्या युनिटच्या खालच्या खणात ढकलतो. समोर काच किंवा लोखंडी जाळी, मागे तारांचा गुंता, आणि डबी पोर्टातून जमिनीलगत लोंबतेय. त्यात आपण सोफ्यावर मांडी घालून रिमोट पोटाशी धरतो. माणसाचं अंग म्हणजे पाण्याची पिशवी, आणि पाणी या लहरी खातं. कन्सोल पुढे ओढून बघा, रिमोट गुडघ्यावर ठेवून बघा. यात फरक पडला तर निदान झालं.

एक कमी माहितीतला गुन्हेगार यूएसबी ३.० ची हार्ड डिस्क. तिची केबल याच पट्ट्यात गोंगाट करते. इंटेलने २०१२मध्येच हे मोजून दाखवलं होतं. टीव्हीला सिनेमांची डिस्क लावलेली असेल आणि ती ॲडॉप्टरच्या वीतभर अंतरावर असेल, तर तिला उठवून दुसरीकडे ठेवा.

आता उशिराबद्दल. 'वायरलेसमुळे बॅट उशिरा फिरते' असं भाचाही म्हणाला. आम्ही क्रिकेट ०७ लावला होता, आणि चेंडू यष्टीरक्षकाकडे पोचल्यावर फलंदाज हलायचा. मी ॲडॉप्टर काढून वायरवाला लावला. बॅट तेवढीच उशिरा. दोषी टीव्ही होता. पाल चित्र सेकंदाला ५० वेळा नव्याने आखलं जातं, म्हणजे एका आखणीला २० मिलिसेकंद. ठीकठाक ॲडॉप्टर याहून जास्त सहसा खात नाही. पण पीएस-२चं चित्र एकाआड एक ओळींचं, आणि आजचा टीव्ही ते जुळवतो, गुळगुळीत करतो, रंग खुलवतो. या सजावटीत अशा पाच-सहा आखण्या सहज जातात. टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेम मोड चालू केला आणि बॅट वेळेवर आली. जुन्या पेटीसारख्या टीव्हीवर ही भानगडच नव्हती, तो आलेलं चित्र तसंच काचेवर फेकायचा.

ब्लूटूथच्या आधीची पिढीही अजून लोकांकडे आहे. निन्टेन्डोचा २००२चा वेव्हबर्ड त्यातला उत्तम. त्यात ओळखपाळख नाही. रिमोटवर आणि रिसीव्हरवर दोन्हीकडे १ ते १६ची चकती असते, दोन्ही एकाच आकड्यावर हव्यात. एका खोलीत दोन असतील तर आकडे वेगळे. थरथर त्यात मुळातच नाही, ती शोधू नका. पीएस-२साठीही असे रिसीव्हरसकट येणारे रिमोट बरेच निघाले होते, आणि रिसीव्हर हरवला असेल तर उरलेला रिमोट शोभेचा. जुन्या बाजारात घेताना हे आधी विचारा. या रिमोटांत सेल विसरलेले असतात. अल्कलाइन सेल गळून पांढरा चुरा झाला असेल तर तो लिंबाच्या रसाने किंवा व्हिनेगरने निघतो, कारण तो चुरा अल्कधर्मी असतो. मग अल्कोहोलने पुसून घ्यायचं. रिचार्जेबल सेल घातलेत तर 'बॅटरी संपली'चा दिवा लवकर लागेल. त्यांचा सेल १.२ व्होल्टचा, नेहमीचा १.५चा.

ताईकडे आता पीएस-२ टीव्हीच्या वरच्या खणात आहे, ॲडॉप्टर पहिल्या पोर्टात. दुसऱ्या पोर्टात उंदराने सोडलेला तो एकुलता वायरवाला रिमोट कायम लावलेला असतो. भाचा म्हणतो, मामा दुसरा ॲडॉप्टर घे ना. मी टाळतो. एक तर त्या म्हाताऱ्या यंत्रावर दोन रेडिओंचा भार नको. आणि दुसरं, पुढच्या वेळी काही अडलं की पहिल्या पोर्टात लावून बघायला काहीतरी हवंच.